धरणाची फाइल आणि माणसाचं नाव

राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या वरच्या खोऱ्यात, कोंडाणे हे कर्जत तालुक्यातलं लहानसं गाव आहे. गावामागच्या लेण्यांत एका भग्न शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीतली छोटी ओळ कोरलेली आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे घडवलं, एवढंच ती सांगते. काम कोणी केलं, हे दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवलं गेलं आणि पावसापाण्यातून ते आजही वाचता येतं. २०११ साली याच खोऱ्यात एका धरणाचं काम सुरू झालं. ते कोणाच्या सहीने मंजूर झालं, त्याची उंची कोणी वाढवली, खर्च कोणत्या टिपणावर फुगला, हे मात्र ठाण्यातल्या कोकण पाटबंधारे विकास महामंडळाच्या कपाटांत बंद होतं. ज्यांची जमीन पाण्याखाली जायची होती, त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

ती कपाटं उघडली ती एका कायद्याने. तो कायदा कसा आला, त्याने कर्जतमध्ये काय करून दाखवलं आणि पुढे माणसाच्या खाजगीपणाचं रक्षण करण्यासाठी आलेल्या दुसऱ्या कायद्याने त्याचा एक दरवाजा कसा लावून घेतला, हे सगळं क्रमाने पाहायला हवं.

सरकारने माणसांची माहिती गोळा करणं ही गोष्ट जुनी आहे. कर्जत आणि खालापूर हा भाग एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्यात होता, नंतर तो कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, आला. इंग्रजांच्या मोजणीदारांनी शेतांना सर्व्हे नंबर दिले, आकार ठरवला, पिकं लिहून घेतली. १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि जमिनीवर कोणाचा कसला हक्क, कोणाचा बोजा, याची गावोगाव नोंद ठेवायची रीत पडली. आजचा सातबारा त्याच परंपरेतला. त्याने शेतकऱ्याला हक्काचा पुरावा मिळाला हे खरंच. पण तलाठ्याच्या दप्तरात आपल्याबद्दल काय लिहिलंय हे वाचायला जिथे अक्षरओळख नव्हती, तिथे ती नोंद मुळात सरकारच्या आणि सावकाराच्याच उपयोगाची होती. कातकऱ्यांसारख्या जमातींच्या वाट्याला तर याहून वाईट नोंद आली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात त्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. या कायद्याखाली माणसाने काही केलेलं नसतानाही त्याचं नाव यादीत जायचं आणि त्याला हजेरी द्यावी लागायची. तो कायदा १९५२ साली रद्द झाला; शिक्का पुसायला आणखी पिढ्या लागल्या. माहिती सरकारच्या हातात एकवटली की ती कोणाच्या मानेवर बसते, हे या डोंगरपट्ट्याने शिकून घेतलं होतं.

उलट दिशेची वाट बंद होती. १८८९ साली आणि पुन्हा १९२३ साली ब्रिटिशांनी शासकीय गुपितांचा कायदा केला. त्याचा मूळ रोख हेरगिरीवर होता, पण त्याची भाषा इतकी ऐसपैस होती की साधं कार्यालयीन टिपणही गुपित ठरवता यावं. स्वातंत्र्यानंतर तो तसाच राहिला. पाटबंधाऱ्याचा अंदाजपत्रकी खर्च, रेशनचा साठा, रोजगार हमीवरच्या मजुरांची हजेरी, काहीही विचारलं तरी ‘कार्यालयीन बाब’ हे उत्तर ठरलेलं होतं. १९७५ साली राजनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक सेवकांनी सार्वजनिक रीतीने केलेलं प्रत्येक काम जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. निकाल थोर होता. पण हक्क आहे म्हटल्याने कारकून कपाट उघडत नाही. त्यासाठी मुदत, अपील आणि दंड असलेला कायदा हवा असतो.

तो मागणारी चळवळ दोन ठिकाणी वाढली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनवाई घेतल्या आणि सरकारी कामांची हजेरीपत्रकं भर सभेत वाचून दाखवली. मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी काढलेली, कधी कामावर न गेलेल्यांच्या नावापुढे अंगठे उठवलेले, असं सगळं लोकांसमोर आलं. इथली एक बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे : ही चोरी पकडली गेली ती नावांमुळे. हजेरीपत्रकातली नावं झाकली असती, तर त्या कागदावर नुसते आकडे उरले असते आणि आकडे तर नेहमीच जुळवलेले असतात.

महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी १९९७ पासून मुंबईच्या आझाद मैदानात माहितीच्या हक्कासाठी आंदोलनं सुरू केली. सरकारने २००० साली एक कायदा केला, पण तो इतका अपवादांनी भरलेला होता की कोणाचंच समाधान झालं नाही. मग २००२ च्या सप्टेंबरात नवा अध्यादेश निघाला. राष्ट्रपतींची संमती रखडली तेव्हा ९ ऑगस्ट २००३ रोजी, क्रांतिदिनाला, हजारे पुन्हा उपोषणाला बसले आणि त्याच महिन्यात संमती आली. तो कायदा वापरणारे लोकही लगेच पुढे आले. मुंबईत शैलेश गांधी यांनी पोलिसांच्या बदल्यांसाठी कोणकोणत्या राजकारण्यांनी शब्द टाकला, याची माहिती मागितली. पुण्यात प्रकाश कर्दळे यांनी पत्रकारितेच्या बळावर सामान्य माणसांना अर्ज लिहायला शिकवलं. २००५ साली संसदेने केंद्रीय कायदा केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. त्या दिवशी देशातला पहिला अर्ज पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दाखल झाला.

नव्या कायद्याचं खरं बळ त्याच्या कलम ६ मध्ये होतं. अर्जदाराने माहिती का हवी याचं कारण सांगायचं नाही आणि अधिकाऱ्याने ते विचारायचं नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक कागद, तीस दिवसांची मुदत. आपल्याकडे कोणत्याही कार्यालयाच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तुमचा काय संबंध?’ हा. शतकभराची ही सवय त्या एका कलमाने बेकायदा ठरवली. मला हा स्वतंत्र भारतातल्या सर्वांत मोठ्या बदलांपैकी एक वाटतो.

याच कायद्यात खाजगीपणाचाही विचार होता. कलम ८(१)(ञ) म्हणत होतं की ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा लोकहिताशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने एखाद्याच्या खाजगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होईल, ती नाकारता येईल. मात्र व्यापक लोकहित असेल तर ती द्यावी लागेल. पुढे एक वाक्य जोडलेलं होतं : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. सामान्य नागरिकाला आमदार-खासदारांच्या रांगेत बसवणारं असं वाक्य आपल्या कायद्यांत फार थोड्या ठिकाणी सापडेल.

या वाक्याची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. नवापूरचे नेते सुरुपसिंग नाईक यांना वनमंत्री असतानाच्या एका निर्णयावरून २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल एक महिन्याची कैद सुनावली. त्या महिन्यातले बरेच दिवस ते तुरुंगाऐवजी जे. जे. रुग्णालयात होते. एका नागरिकाने त्यांच्या वैद्यकीय नोंदी मागितल्या. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातली गोष्ट खाजगीच असते, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा हलका नव्हता. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने विधिमंडळाच्या त्या वाक्याचा आधार घेतला. शिक्षा भोगणाऱ्या माणसाचा रुग्णालयातला मुक्काम हा लोकांच्याही काळजीचा विषय असू शकतो, आणि विधिमंडळाने मागितली तर जी माहिती द्यावी लागेल ती नागरिकालाही द्यावी लागेल, अशी न्यायालयाची भूमिका होती. कायद्याने आखून दिलेला तोल न्यायालयाने एकेक प्रकरण हातात घेऊन सांभाळायचा, ही पद्धत त्यातून घडत होती.

माहिती मागण्याची किंमत काय असते, हे घाटाच्या वरच्या अंगाला दिसलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून बोरघाट चढून मावळात जातो. २००२ साली तो पूर्ण खुला झाला आणि दोन्ही अंगांच्या जमिनींचे भाव बदलले. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांनी माहिती अधिकाराच्या अर्जांमधून मावळातले जमिनीचे व्यवहार खणून काढले. जिवाला धोका असल्याचं सांगून त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला बाहेर पडलेले असताना त्यांचा खून झाला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला आणि २०१४ साली पुरेसा पुरावा नसल्याचं सांगत सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. अर्ज करणाऱ्या माणसाचं नाव, पत्ता, तो काय विचारतोय, हे सगळं ज्यांच्याविरुद्ध विचारलं त्यांच्यापर्यंत पोहोचतं. अर्जदाराच्या खाजगीपणाची चर्चा आपल्याकडे कोणी फारशी केली नाही, ही मला या साऱ्या कहाणीतली सर्वांत दुखरी जागा वाटते.

आता कोंडाण्याकडे येऊ. उल्हास नदीवरच्या या धरणाचं काम कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने २०११ साली दिलं. सुरुवातीला ३९ मीटर उंचीचं आणि ८० कोटींच्या घरातलं असलेलं हे धरण थोड्याच काळात ७१ मीटरचं झालं आणि खर्च ३०० कोटींच्या पलीकडे गेला. आदिवासी वाड्यांच्या, जंगलाच्या आणि भातशेतीच्या या पट्ट्यात वनखात्याच्या परवानग्या आणि भूसंपादन पूर्ण होण्याआधीच ठेकेदार कामाला लागल्याचे आरोप झाले.

पॅथॉलॉजीचा व्यवसाय केलेल्या मुंबईच्या अंजली दमानिया यांनी या धरणाची कागदपत्रं माहिती अधिकारात मागायला सुरुवात केली. त्यांची स्वतःचीही कर्जत तालुक्यात शेतजमीन होती, आणि पुढे त्यांच्या विरोधकांनी हाच मुद्दा त्यांच्यावर उलटवला. जमीन घेताना नियम पाळले का, असे प्रश्न त्यांना विचारले गेले. तो प्रश्न विचारण्याचा हक्क लोकांना होताच, आणि त्यांच्या जमिनीचे कागदही लोकांना पाहता आले ते याच पारदर्शकतेमुळे. पण धरणाच्या फाइलीत जे होतं ते त्यामुळे बदलत नव्हतं.

फाइल वाचणं हे कौशल्याचं काम असतं. प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेची, निविदा कोणत्या तारखेची, उंची वाढवण्याचा प्रस्ताव कनिष्ठ अभियंत्याने मांडला की वरून आला, निविदा भरणाऱ्या कंपन्यांचे संचालक कोण, त्यांच्या पत्त्यांत काही साम्य आहे का, हे सगळं कागद शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतं. दमानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. एका धरणाच्या कागदांतून दुसऱ्या धरणाचे, एका ठेकेदारातून दुसऱ्या ठेकेदाराचे धागे निघाले. प्रकरण २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका म्हणून पोहोचलं, आणि कोंडाण्याचं काम थांबलं.

त्याच वर्षी बाकीच्या वाटाही येऊन मिळाल्या. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतल्या निकृष्ट आणि फुगवलेल्या कामांबद्दल सरकारला पत्र लिहिलं. दहा वर्षांत ७० हजार कोटी रुपये खर्चून सिंचनाखालचं क्षेत्र केवळ ०.१ टक्का वाढलं, हा आकडा राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालानंतर गावोगाव पोहोचला. २५ सप्टेंबर २०१२ रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. १९९९ पासून दहा वर्षं जलसंपदा खातं त्यांच्याकडे होतं. त्यानंतर ते रायगडच्याच सुनील तटकरे यांच्याकडे आलं. दोघांनीही आरोप फेटाळले. नोव्हेंबरअखेर सरकारची श्वेतपत्रिका आली, तिने सिंचनवाढ बरीच जास्त दाखवली, आणि डिसेंबरात पवार पुन्हा मंत्रिमंडळात आले. ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१४ साली अहवाल दिला. सत्ताबदलानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या चौकशीला परवानगी मिळाली, आणि पुढे ठाण्यात कोंडाण्याच्या निविदेबाबत अधिकारी व ठेकेदार यांच्यावर गुन्हा नोंदवून आरोपपत्रही दाखल झालं. आरोपपत्र म्हणजे दोषसिद्धी नव्हे. विदर्भातल्या सिंचन प्रकल्पांबाबत तर २०१९ साली याच विभागाने अजित पवार यांचा दोष नसल्याचं न्यायालयाला सांगितलं. कोंडाण्याचं धरण २०१७ साली राज्य सरकारने सिडकोकडे सोपवलं, नव्या शहरांच्या पाण्यासाठी.

न्यायालयं शेवटी काय ठरवतील ते ठरवोत. नागरिकाने दहा रुपये भरून धरणाच्या फाइलीपर्यंत पोहोचावं आणि फुगलेला खर्च थांबावा, एवढं या कायद्याने कर्जतमध्ये करून दाखवलं.

याच २०१२ सालात उलट दिशेच्या हालचालीही सुरू झाल्या, आणि त्यांतल्या दोन महाराष्ट्रातूनच निघाल्या. जानेवारीत राज्य सरकारने माहिती अधिकाराचे नियम बदलले. अर्जात एकच विषय हवा आणि तो साधारणपणे १५० शब्दांत बसायला हवा. अभिलेख पाहायला गेलेल्या नागरिकाने पेन बाहेर ठेवायचं. आत पेन्सिलच न्यायची. कागदांत खाडाखोड होऊ नये म्हणून पेन्सिल समजू शकते. पण एका धरणाच्या व्यवहाराला किती विषय लागतात, हे ज्याने फाइल पाहिली आहे त्याला विचारावं. मान्यता एक विषय, निविदा दुसरा, भूसंपादन तिसरा, देयकं चौथा. प्रत्येकाला वेगळा अर्ज, वेगळी मुदत, वेगळं अपील, आणि अपील राज्य माहिती आयोगाच्या बेलापूरच्या कोकण खंडपीठात वर्षानुवर्षं पडून राहायचं.

दुसरी हालचाल अकोल्याची. भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला दिलेल्या कारणे दाखवा नोटिसा, त्याची मालमत्ता, प्राप्तिकर विवरणं यांची माहिती गिरीश देशपांडे या नागरिकाने मागितली होती. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नोकरीतली कामगिरी आणि नोटिसा ही कर्मचारी आणि मालक यांच्यातली बाब आहे, ती वैयक्तिक माहिती ठरते, आणि व्यापक लोकहित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाही. निकाल लहान होता. संसद आणि विधिमंडळाच्या त्या वाक्याचा त्यात विचार झाला नाही, अशी टीका शैलेश गांधी यांच्यासारख्या माजी केंद्रीय माहिती आयुक्तांनी केली. परिणाम मात्र मोठा झाला. २०१४ च्या ऑक्टोबरात राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने या निकालाच्या आधारे परिपत्रक काढलं, आणि तालुक्याच्या कार्यालयांतही ‘वैयक्तिक माहिती’ हे छापील उत्तर मिळू लागलं. पुण्याच्या महापालिकेने घालून दिलेल्या वाटेवर २०१८ साली दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू द्यायचा आदेशही राज्याने काढला; चांगला आदेश होता, पण ‘वैयक्तिक’चा अडसर तिथेही आडवा यायचाच.

दरम्यान सरकारचं माणसांकडे पाहणं नव्या उंचीला पोहोचलं होतं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. बोटांचे ठसे, बुबुळं, पत्ता एका ठिकाणी आले, आणि रेशनपासून बँकेपर्यंत सगळं त्याला जोडलं जाऊ लागलं. तेव्हा त्यासाठी संसदेचा कायदाही नव्हता. तो २०१६ साली आला. सर्वोच्च न्यायालयात सरकारने भूमिका घेतली की खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाहीच. त्यावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की आहे. सरकारला माणसाच्या खाजगी आयुष्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि हस्तक्षेप त्या हेतूच्या प्रमाणात हवा. मुख्य निकाल लिहिणारे धनंजय चंद्रचूड यांनी त्याच निकालात आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क नाकारणारा १९७६ चा हेबियस कॉर्पसचा निकाल चुकीचा ठरवला. त्या जुन्या खंडपीठात बहुमताच्या बाजूने त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. पुण्याजवळच्या कन्हेरसरच्या या घराण्यातल्या दोन पिढ्यांमधून सरकारी सत्तेबद्दलची आपली समजूत किती बदलली हे दिसतं.

या हक्काला कायद्याचं रूप देण्यासाठी केंद्राने न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारे हेच न्यायमूर्ती. २०१८ च्या जुलैत त्यांनी मसुदा दिला. माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम त्यांनीही बदललं होतं, पण तोल राखून : माहिती दिल्याने त्या व्यक्तीचं नुकसान होणार असेल आणि ते लोकहितापेक्षा जड असेल, तरच नाकारा. २०१९ साली सरकारने आणलेल्या विधेयकात सरकारी यंत्रणांना दिलेली सूट पाहून श्रीकृष्ण यांनी स्वतःच कडक टीका केली. ते विधेयक २०२२ साली मागे घेतलं गेलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवं विधेयक आलं आणि ७ तारखेला लोकसभेत, ९ तारखेला राज्यसभेत मंजूर झालं. ११ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा असं त्याचं नाव.

हा कायदा कंपन्यांना बांधतो. संमतीशिवाय माहिती वापरायची नाही, काम झालं की पुसायची, गळती झाली तर कळवायचं. मोठ्या चुकीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. दंड सरकारजमा होतो, ज्याची माहिती चोरीला गेली त्याला भरपाई मिळण्याची तरतूद नव्या कायद्यात नाही. नागरिकालाही कर्तव्यं सांगितली आहेत आणि ती मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड आहे. सरकार मात्र अधिसूचना काढून आपल्या हव्या त्या यंत्रणेला सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांनी यातून मोकळं करू शकतं. आणि ज्या मंडळाने तक्रारी ऐकायच्या, त्याच्या नेमणुका केंद्र सरकारच्याच हातात. ज्या हक्काचा जन्म सरकारला रोखण्याच्या लढाईतून झाला, त्याचा कायदा सरकार सोडून बाकीच्यांना रोखण्यासाठी लिहिला गेला.

कर्जतच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट कलम ४४ च्या एका उपकलमात आहे. त्याने माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(ञ) बदललं. सार्वजनिक कामकाजाशी संबंध, विनाकारण ढवळाढवळ, व्यापक लोकहित, आणि विधिमंडळाला नाकारता न येणाऱ्या माहितीचं ते वाक्य, सगळं गेलं. उरलं एवढंच की वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देणं बंधनकारक नाही. सहीखालचं नाव वैयक्तिक असतं. ठेकेदार कंपनीच्या संचालकाचं नाव, लाभार्थ्याचं नाव, हजेरीपत्रकातल्या मजुराचं नाव, भूसंपादनाचा मोबदला कोणाच्या खात्यात गेला त्याचं नाव, सगळीच नावं वैयक्तिक म्हणता येतात. राजस्थानच्या जनसुनवाईत चोरी पकडली गेली ती नावांमुळे, आणि कोंडाण्याची निविदाही नावं जुळवल्यावरच बोलू लागली.

बँक खात्याचा क्रमांक, आजारपण, घरचा पत्ता झाकावा, याबद्दल कोणाचाच वाद नव्हता. जुनं कलम ते झाकतच होतं. कातकरी वाडीतल्या बाईचा आधार आणि मोबाइल क्रमांक एखाद्या कंपनीने विकू नये, यासाठी कायदा हवाच होता, आणि तो उशिरा आला. पण तिच्या वाडीवर येणाऱ्या धरणाला मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीला तिच्या मोबाइल क्रमांकाइतकंच खाजगी मानणं, हा तिच्यावरच अन्याय आहे.

१४ नोव्हेंबर २०२५ रोजी या कायद्याचे नियम जाहीर झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठेवली. कंपन्यांनी संमती घेणं, माहिती सुरक्षित ठेवणं, नागरिकाला आपली माहिती पाहू देणं, पुसू देणं, यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. म्हणजे नागरिकाला मिळालेलं संरक्षण २०२७ च्या मे महिन्यापर्यंत थांबणार. माहिती अधिकारातला बदल मात्र ताबडतोब लागू झाला.

सरकारचं म्हणणं आहे की कलम ८(२) अजून शाबूत आहे : लोकहित नुकसानापेक्षा मोठं असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतो. हे खरं आहे. त्यासाठी लोकहित काय आहे ते अर्जदाराला पटवून द्यावं लागेल, म्हणजे कलम ६ ने ज्या कारणातून त्याला मुक्त केलं होतं तेच आता त्याला पहिल्या ओळीपासून मांडावं लागेल. महाराष्ट्रात तेही एकाच विषयावर, १५० शब्दांत.